आबांचा खिशातला चाकू भावाला द्यायचा आहे: किती घासावा आणि कुठे थांबावे?

येरळाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. तासगाव तालुक्यातल्या आमच्या घराचा माळा यंदाच्या पावसात गळू लागला, म्हणून तिथल्या ट्रंका खाली काढाव्या लागल्या. त्यातल्या एकीत, आजोबांच्या कोटाच्या घडीत, त्यांचा खिशातला घडीचा चाकू सापडला. आबांना जाऊन बावीस वर्षे झाली आणि तेव्हापासून तो कोट कोणी उलगडूनही पाहिला नव्हता, असे आत्याचे म्हणणे आहे. आबा हा चाकू बंडीच्या आतल्या खिशात ठेवत. सुतळी कापणे, कलमाच्या काड्या तासणे, आम्हा नातवंडांना पेरूच्या फोडी करून देणे, ही सगळी कामे ते त्याच एका पात्याकडून करून घेत आणि मधल्या वेळी ते धोतराच्या सोग्याला पुसत.

आता द्राक्षबाग माझा धाकटा चुलतभाऊ पाहतो. खंडेनवमीला आमच्याकडे कोयत्यापासून छाटणीच्या कात्रीपर्यंत सगळी हत्यारे पाटावर मांडून पुजली जातात. त्या दिवशी हा चाकू नीट करून त्याला द्यावा, असे मनात आहे. हातात पाच आठवडे आहेत. मी स्वतः सांगलीत राहते, शाळेत शिकवते, आणि कानशीपेक्षा खडूशी माझी ओळख अधिक आहे, हे आधीच सांगून ठेवते.

चाकूची आजची स्थिती अशी आहे. मिटलेला असताना त्याची लांबी साडेतीन इंच भरते. पाते एकच आहे. ते उघडताना अर्ध्यावर अडते आणि पूर्ण उघडल्यावर किंचित डावीउजवीकडे डुलते. गंज दोन प्रकारचा दिसतो: मुळाशी आणि नखाच्या खाचेभोवती तांबडा, बोटाला लागणारा, उरलेल्या भागावर काळसर, कापडाने कितीही पुसला तरी न हलणारा. मुठीची एक बाजू काळी आणि गुळगुळीत आहे. दुसऱ्या बाजूचा निम्मा भाग तुटून गेला आहे आणि खालची पितळी पट्टी उघडी पडली आहे. वर्षानुवर्षे धार लावून पाते इतके झिजले आहे की मुळाशी बोटभर रुंद असलेले ते टोकाकडे चिंचोळे होत गेले आहे.

एक चूक मात्र मी आधीच करून बसले आहे. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये विजेवर फिरणारी सान (धार लावायचे चाक) होती. तिच्यावर नुसते टोक धरून पाहू म्हणून चाकू टेकवला आणि दोन-तीन सेकंदांत टोकाजवळ निळी झाक आली. घाबरून तिथेच थांबले.

हा गंज कसा काढावा, पाते डुलणे कसे थांबवावे, तुटलेल्या मुठीचे काय करावे, हे प्रश्न तर आहेतच. पण त्याहून मोठा प्रश्न हा की, नवा दिसेपर्यंत घासावा की आधीच कुठेतरी थांबावे?

चंदेरी

दादा, इतका विचार करू नका. बफिंग करणाऱ्याकडे द्या. तासाभरात आरशासारखा चमकवून देईल आणि भेट म्हणून डबीत ठेवलात तर पाहणाऱ्याचे डोळे दिपतील. तांबडा गंज राहिलाच, तर रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा चिंचेच्या कोळात बुडवून ठेवा.

ऐरण

'चंदेरी' यांचा हेतू चांगला आहे, परंतु या दोन्ही सूचना कृपया अमलात आणू नयेत. (आणि धागाकर्ती ताई आहेत, दादा नव्हेत, त्यांनी 'शिकवते' असे लिहिले आहे.) मी पलूसकडचा. आयुष्यभर टूलरूममध्ये काम केले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या निळ्या डागाविषयी. पोलाद लाल करून पाण्यात किंवा तेलात विझवले की ते कमालीचे कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा थोडेसे तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. या दुसऱ्या तापवण्यात पृष्ठभागावर रंग चढत जातात: सुमारे २२० ते २३० अंश सेल्सिअसला फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. चाकूचे पाते साधारण पिवळ्या-तपकिरीपर्यंतच नेतात. निळा हा स्प्रिंगचा रंग आहे. सानेवरच्या घर्षणाने तुमच्या पात्याचे टोक निळ्यापर्यंत पोहोचले, याचाच अर्थ तेवढ्या भागाचे पाणी उतरले, म्हणजे कठीणपणा गेला. टोकालाच असे होते, कारण तिथे लोखंड कमी असते आणि आलेली उष्णता पसरायला जागा नसते. बफिंगच्या चाकावरही हेच घडते, फक्त जरा सावकाश. शिवाय ते चाक पात्याच्या कडा गोल करते आणि मुळाशी काही छाप असेल तर तीही पुसून टाकते.

घाबरण्याचे कारण नाही. बाधित भाग फार तर दोन-तीन मिलिमीटरचा असेल. घरी पुन्हा पाणी द्यायच्या फंदात पडू नका. त्यासाठी पाते मुठीतून वेगळे करून आठशे अंशांच्या आसपास तापवावे लागेल आणि इतके झिजलेले पाते त्यात हमखास वाकडे होईल. ओल्या दगडावर, हातानेच, अगदी सावकाश तेवढे टोक झिजवून टाका. पाते हाताला कोमट लागले तरी थांबून पाण्यात बुडवा.

आता आम्लाविषयी. व्हिनेगर आणि चिंच गंज खातात हे खरे, पण ते गंज आणि पोलाद यांत फारसा भेद करत नाहीत. गंजाखालचे पोलादही करडे आणि खरबरीत होते. पाठीमागची स्प्रिंग कठीण पोलादाची आणि सदैव ताणात असते. अशा पोलादावर आम्लाची क्रिया होताना निघणारा हायड्रोजन आत शिरला की ते ठिसूळ होऊन एक दिवस अचानक मोडू शकते. मुठीच्या फटीत शिरलेले आम्ल तर धुतले तरी पूर्ण निघत नाही.

उपाय साधा आहे. मूठ वर आणि सांधा खाली, असा चाकू धरून सांध्यात शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे चार थेंब सोडा आणि एक दिवस तसाच ठेवा. मग पाते जेवढे सहज उघडते तेवढेच उघडमीट करा. तांबडे-काळे पाणी बाहेर येईल. ते चिंधीने टिपा, पुन्हा तेल घाला, आणि स्वच्छ तेल बाहेर येईपर्यंत हे चालू ठेवा. चार-पाच दिवस लागतील. तांबड्या गंजावर तेल टाकून जुन्या तांब्याच्या नाण्याच्या कडेने खरवडा. तांबे पोलादापेक्षा मऊ असल्याने गंज निघतो, पण पात्यावर ओरखडा येत नाही. काळा थर आहे तसाच राहू द्या. तोही लोखंडाचाच ऑक्साइड आहे, पण घट्ट चिकटून बसणारा, आणि तो खालच्या पोलादाचे थोडेफार रक्षणच करतो. तो आहे म्हणजे पाते साध्या कार्बन पोलादाचे आहे. न गंजणारे पोलाद हॅरी ब्रेअर्ली याने शेफिल्डमध्ये १९१३ साली केले आणि खिशातल्या चाकूंत ते सरसकट यायला त्यानंतरही बराच काळ गेला.

आमच्या भागात १९१० साली माळरानावर किर्लोस्करांचा लोखंडी नांगरांचा कारखाना आला. तेव्हापासून इथल्या प्रत्येक घराने नांगराचा फाळ पाहिला आहे, पण फाळाला पॉलिश करणारा शेतकरी मी अजून पाहिलेला नाही. तो मातीत चालला की आपोआप उजळतो.

घाटमाथा

'ऐरण' काकांशी पूर्ण सहमत, फक्त एक भर घालतो. मी जावळीकडचा, सातारा जिल्हा. आमच्याकडच्या रानात हिरडा भरपूर. हिरड्यात टॅनिन असते आणि टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळाभोर रंग तयार होतो. पूर्वीची काळी शाई याच गुणावर होत असे. नाण्याने खरवडल्यानंतरही खळग्यांमध्ये जो तांबडा गंज उरतो, त्याच्यासाठी दोन-तीन हिरडे कुटून त्यांचा दाट काढा करा आणि कापसाच्या बोळ्याने फक्त तेवढ्याच जागी लावा. पंधरा-वीस मिनिटांत तांबडे डाग काळे पडू लागतील. मग पुसून, पूर्ण कोरडे करून तेल लावा. पाते काढ्यात बुडवायचे मात्र नाही, कारण शेवटी तेही सौम्य आम्लच. आमच्या घरचा जुना अडकित्ता मी असाच सावरला. त्याच्या दांड्यावर आता ढगासारखी काळी छटा आहे. ती मला तरी आवडते.

दोन पैसे

पाते मुळाशी स्वच्छ केल्यावर तिथे अक्षरे किंवा खुणा दिसतात का, हे भिंगाने पाहावे. त्या काळी आपल्याकडे आलेल्या इंग्लिश चाकूंत शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स यांचे नाव फार मोठे होते. तारा आणि त्याच्या शेजारी माल्टाचा क्रूस, ही त्यांची खूण. ती त्यांना १७६४ साली मिळाली. शेफिल्डमध्ये अशा खुणांची नोंद ठेवणारी कारागिरांची संस्था १६२४ पासून आहे. खुणेसोबत मुकुट आणि राजाची आद्याक्षरे असतील तर काळाचा अंदाज बांधता येतो. 'व्ही आर' असेल तर १९०१ पर्यंतचा, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा काळ. 'जी आर' असेल तर १९१० ते १९५२ यांमधला, कारण मधले काही महिने सोडले तर पाचवा आणि सहावा जॉर्ज लागोपाठ गादीवर होते.

एक सावधगिरीची सूचना. या खुणेच्या नकला उदंड झाल्या, तेव्हा नुसत्या छापावरून चाकूची किंमत करू नये. पाते उघडताना आणि मिटताना स्प्रिंग पाठीशी बरोबर सपाट बसते का, कुठे पायरी लागते का, हे बोट फिरवून पाहावे. चांगल्या कारागिराचे काम तिथे कळते.

येरळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांचा वृत्तांत देते.

तेलाचा उपाय सहा दिवस केला. पहिल्या दिवशी जे बाहेर आले त्यात गंजाबरोबर तंबाखूचा बारीक भुगाही होता. बंडीच्या त्याच खिशात आबांची चंची असे. पाते आता अडत नाही, आणि मिटताना 'टक्' असा जो आवाज येतो तो ऐकून आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली.

मुळाशी अक्षरे निघाली. तारा अर्धवट दिसतो, क्रूस स्पष्ट आहे, आणि मुकुटाच्या बाजूला 'जी' आणि 'आर' आहेत. अस्सल की नक्कल, ते मी सांगू शकत नाही. पण पाठीवरून बोट फिरवले तर कुठेही पायरी लागत नाही. आत्याचा जन्म १९५१ चा, आणि तिला कळू लागल्यापासून हा चाकू आबांच्या खिशात आहे, तेव्हा काळ तरी जुळतो.

हिरड्याचा काढाही केला. एका जागी तो ओघळला आणि पात्यावर काळी रेघ उठली. ती राहू देणार आहे.

आता एक नवी अडचण. धार जवळून पाहिली तर ती दोन्ही बाजूंनी घासलेली नाही. एका बाजूला तिरपा उतार आहे आणि दुसरी बाजू धारेपर्यंत सपाट आहे. हे मूळचे असावे की कोणी अर्धवट लावलेली धार आहे? दुसऱ्या बाजूनेही घासून ती सारखी करावी का?

खरड छाटणी

ताई, थांबा! दुसऱ्या बाजूला दगड लावू नका. ती धार अर्धवट नाही, मुद्दाम केलेली आहे.

खिशातला चाकू कारखान्यातून येतो तो दोन्ही बाजूंनी धार असलेला. तुमच्या आजोबांनी तो कलमासाठी एकधारी करून घेतला असणार, आणि हे एका दिवसाचे काम नव्हे. वर्षानुवर्षे एकाच बाजूने घासत गेले की असे होते. पाचर कलम करताना सायन काडीला (हव्या त्या जातीच्या, कलम करायच्या काडीला) खालून दोन्हीकडे तासून पाचरीसारखा आकार द्यायचा असतो आणि खुंटाला, म्हणजे मुळे असलेल्या झाडाला, मधोमध चीर देऊन ती पाचर त्यात बसवायची असते. काडीची अंतरसाल (सालीखालचा वाढता थर) खुंटाच्या अंतरसालीला भिडली तरच कलम जगते. त्यासाठी काप आरशासारखा सपाट आणि एका ओढीत पडलेला हवा. चाकूची सपाट बाजू काडीला टेकून चालली की काप सरळ पडतो. उताराची बाजू काडीकडे आली तर पाते वर उचलले जाते, काप मध्ये खोलगट होतो, आणि मग वरून पट्टी कितीही आवळून बांधली तरी आत पोकळी राहते. आज आपण तास-ए-गणेशसारखी तालुक्याचे नाव मिरवणारी द्राक्षाची जात डॉगरिजच्या खुंटावर बांधतो ती याच रीतीने, फक्त चाकू बाजारातून तयार एकधारी आणतो.

एक प्रयोग करून पाहा. एखादी काडी डाव्या हातात धरा, चाकू उजव्या हातात घ्या आणि अंगाकडे ओढून तासल्यासारखे करा. सपाट बाजू काडीकडे येते की उताराची?

येरळाकाठ

उताराची बाजू येते. चाकू डाव्या हातात घेतला की सपाट येते.

हे लिहिताना हात जरा थांबला. आबा जेवत उजव्या हाताने, सही उजव्या हाताने करत, पण पेरू कापताना चाकू कोणत्या हातात असे, हे मी कितीही आठवले तरी आठवेना. आत्याला विचारले तर ती म्हणाली, "डावखुराच होता की तो. शाळेत मास्तरांनी मारून मारून उजवा केला. शेतात कोण मारायला येतंय?"

माझा भाऊ मात्र उजवखुरा आहे. मग काय करावे? त्याला वापरायला द्यायचा तर धार उलट करून घ्यावी लागेल.

चंदेरी

आधी मी दिलेला सल्ला चुकला हे मान्य करतो. पण हा मुद्दा मला पटतो. वस्तू देताना ती घेणाऱ्याच्या हाताला चालली पाहिजे. नाहीतर ती पुन्हा ट्रंकेत जाईल, फक्त या वेळी दुसऱ्याच्या कोटात.

ऐरण

मी उलट बाजूने विचार करतो. धार उलट करायची म्हणजे सपाट बाजूला नवा उतार काढायचा आणि जुना उतार सपाट होईपर्यंत झिजवायचा. पात्याची रुंदी आधीच निम्म्यावर आली आहे. त्यात आणखी दोन-तीन मिलिमीटर गेले तर उरेल तो टोच्या. सुतळी, पट्टी, पेरू या कामांना धार कोणत्या बाजूची आहे याने काहीही बिघडत नाही. कलमापुरता भावाने आपला नवा चाकू वापरावा.

धार लावण्याची रीत सांगतो. उतारावर मार्कर पेनाने काळे करा, पाते ओल्या दगडावर उतार टेकेल असे धरा आणि दोनदा ओढा. काळा रंग सगळीकडून सारखा गेला तर कोन बरोबर आहे. फक्त धारेजवळचा गेला तर पाठ जास्त उचलली आहे. फक्त वरचा गेला तर कमी उचलली आहे. घासत गेल्यावर सपाट बाजूने बोट धारेकडे नेले की बारीक तार लागते. ती तार काढण्यासाठी सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी ठेवून एकदाच, हलक्या हाताने ओढा. जरासुद्धा पाठ उचलली तर आजोबांची कित्येक वर्षांची मेहनत एका ओढीत गेली म्हणून समजा. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट दिशेने आठ-दहा हात. न्हाव्याचा पट्टा हल्ली सहज मिळत नाही; जुन्या कोल्हापुरी चपलेचा तळ धुऊन वाळवून घेतला तरी उत्तम चालतो.

तुंबा

मुठीबद्दल अजून कोणी बोलले नाही, म्हणून मी लिहितो. आमचे घर मिरजेत, तंतुवाद्यांच्या धंद्याशी संबंधित.

आधी ती काळी बाजू कशाची आहे ते ओळखा. सुई तापवून आतल्या, न दिसणाऱ्या जागी टेकवा. केस जळल्यासारखा वास आला तर शिंग आहे. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, आणि मग सुई लगेच दूर करा, कारण ते भडकन पेट घेते. सेल्युलॉइड जुने झाले की त्यातून निघणाऱ्या वाफेनेच शेजारचे पाते गंजते, त्यामुळे ते असेल तर बदललेलेच बरे. जे लोक हे वाचून आपापले चाकू काढून बसतील त्यांच्यासाठी सांगतो: मूठ सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची निघाली तर जोडीला नवा तुकडा शोधत फिरू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे.

माझा तर्क म्हशीच्या शिंगाचा आहे. शिंग पाण्यात बुडवू नका, ते फुगते आणि वाळताना पिळवटते. तुटलेली बाजू शिंगानेच भरायचा हट्ट नको. सतारीच्या खुंट्यांसाठी आणलेल्या शिसवीचे तुकडे आमच्याकडे नेहमी उरतात. चांगली मुरलेली, काळपट शिसव बघून घ्या.

यात एक गंमत आहे. मिरजेत सतारी करणारी घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी-कट्यारींना धार लावणे आणि शिकल करणे, म्हणजे घासून उजळवणे, हा त्यांचा धंदा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला शस्त्रांची मागणी संपत आली, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तो हात वाद्यांकडे वळवला. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा चाकू घेऊन आमच्या गल्लीत आलात तर तो परक्या ठिकाणी आला असे कोणी म्हणणार नाही.

बसवताना दोन गोष्टी पाळा. चिकटवायला लाख वापरा, हल्लीचा दोन नळ्यांचा डिंक नको. लाख तापवली की सुटते, त्यामुळे पुढे कधी कोणाला मूठ काढायची झाली तर ती मोडावी लागणार नाही. आणि पितळी तारेची रिबीट ठोकताना हातोडी लहान घ्या, घाव हलके आणि अनेक घाला. एका मोठ्या घावात शिंग तडकते.

ऐरण

याच कामात पाते डुलणेही थांबवून घ्या. सांध्याची मूळची रिबीट काढायची गरज नाही. तिचे एक टोक ऐरणीवर टेकवून दुसऱ्या टोकावर हलके ठोकले की ती फुगते आणि सांधा आवळतो. त्याआधी पाते आणि पितळी पट्टी यांच्यात तेलात भिजवलेला पातळ कागद सरकवून ठेवा. ठोकून झाल्यावर तो ओढून काढला की पाते फिरायला हवी तेवढीच जागा उरते.

शंकेखोर

दोन शंका. एक, असा चाकू खिशात बाळगणे कायद्यात बसते का? दोन, धारेची वस्तू भेट देऊ नये, नाते तुटते, असे आमच्या घरी मानतात. सुरीसुद्धा हातात न देता खाली ठेवतात.

दोन पैसे

पहिलीचे उत्तर सोपे आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत परवाना लागतो तो नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला, आणि त्यातूनही घरकामाची व शेतीची हत्यारे वगळली आहेत. हे पाते तीन इंचही नाही. तरी जत्रेत, मिरवणुकीत किंवा जिथे झडती होते तिथे ते नेऊ नये, इतका पोच आपण बाळगावा.

दुसऱ्या शंकेला उत्तर धाग्याच्या सुरुवातीलाच आहे. खंडेनवमीला चाकू पाटावर असेल. ताईंनी तो तिथे ठेवायचा, भावाने तिथून उचलायचा. कोणी कोणाच्या हातात दिलाच नाही. तरीही मनात पाल चुकचुकलीच, तर भावाकडून एक रुपया घ्या. मग ती भेट राहात नाही, व्यवहार होतो.

येरळाकाठ

काल खंडेनवमी झाली. सगळ्यांना कळवणे माझे कर्तव्य आहे.

मूठ मिरजेत बसवून घेतली. सुईला केसांचाच वास आला. शिंगाची बाजू जशीच्या तशी ठेवली, तुटलेल्या बाजूला शिसव बसवली. दोन्ही बाजू काळ्या असूनही वेगळ्या दिसतात; शिंग थंड लागते, शिसव लागत नाही. ज्यांनी काम केले त्यांनी पैसे घ्यायला आढेवेढे घेतले आणि शेवटी फक्त पितळी तारेचे घेतले. शिंगाचा तुटका तुकडा त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून परत दिला.

सगळे काही साधले नाही. एक रिबीट पृष्ठभागापेक्षा केसभर वर राहिली आहे आणि ती तळहाताला जाणवते. टोकाचा निळा भाग काढताना पाते माझ्या अंदाजापेक्षा जास्त, चारेक मिलिमीटर, आखूड झाले. पहिल्यांदा धार लावताना मी पाठ जास्त उचलत होते; मार्करची युक्ती नसती तर उताराची वाट लागली असती. धार उलट केलेली नाही. कोन आबांचाच आहे.

पाटावर कोयते, खुरपी, दोन कात्र्या आणि औषध फवारण्याच्या पंपाची नळी यांच्या शेजारी चाकू ठेवला. भावाला काही सांगितले नव्हते. पूजा झाल्यावर त्याने तो उचलला, उघडला आणि 'टक्' आवाजाबरोबर त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते पाहून आम्ही सगळे गप्प बसलो. मग तो बांधावरून एक काडी घेऊन आला. उजव्या हाताने तासून पाहिले. काप लाटेसारखा पडला. "ताई, धार बिघडवलीस की काय?" असे त्याने विचारलेच. मी काही बोलायच्या आत आत्या म्हणाली, "हात बदल." त्याने चाकू डाव्या हातात घेतला, अवघडून धरला, आणि काडी अंगाकडे ओढली. काप वाकडाच पडला, पण सपाट पडला. आत्याने त्याचा अंगठा धरून पात्याच्या पाठीवरून खाली, काडीवर नेऊन टेकवला.

रुपया मी घेतला आहे.

ऐरण

फार बरे वाटले. एकच विचारतो: पूजेत पात्याला ओले गंध किंवा हळदकुंकू लावले होते का? असेल तर ते खाचेत आणि सांध्यात बसले असणार. आज रात्रीच पुसून काढा आणि औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन बोटाने फिरवा. खोबरेल नको, थंडीत गोठते; जवस किंवा करडई नको, वाळून चिकट होते.

येरळाकाठ

लावले होते, काका. भावाला फोन केला, तर धोतर नाही म्हणून त्याने शर्टालाच पुसला म्हणे. पॅराफिन उद्या पाठवते.